गवरीची धार

मी बी.एस्सी. झालेली, घरातली पहिलीच. आईनं घरोघरी दूध घालून मला शिकवलं. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, म्हणून हे लिहायला दोन वर्षं लागली...

बसवकल्याण तालुक्यातलं मुडबी हे आमचं गाव. आईला कलबुर्गीच्या दवाखान्यात ठेवलं होतं, सोबत मावशी. पोटाचं ऑपरेशन ठरलेलं, पण आई तयारच होईना. कारण गवरी — आमची म्हैस. ती आईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही.

"ती आटली तर? मी घरी जाते," एवढंच आईचं.

त्याच आठवड्यात मी मोबाईलवर एका जुन्या इंग्रजी सिनेमाचा रीमेक बघितला होता. परग्रहावरचे जीव हुबेहूब माणसाचं रूप घेतात, घरच्यांनाही कळत नाही. अप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं तर म्हणाले, "त्यांच्या घरी म्हस नव्हती का? तिनं लगेच वळखलं असतं."

आणि स्वतःच आईची हिरवी साडी नेसून धार काढायला बसले! म्हशीला फसवायला आमच्याकडं करतात असं. गवरीनं हुंगलं आणि लाथ घातली. बादली एकीकडं, अप्पा एकीकडं.

"कामून हसायलीस गं? सांग तुझ्या आईला, रीमेक पडला म्हणून!"

दुसऱ्या दिवशी अप्पा दवाखान्यात गेले, संध्याकाळी परत येणार होते. साडेपाचला मी चहा टाकत होते, तर गोठ्यातून धारेचा आवाज. खिडकीतून बघितलं — हिरवी साडी, डोक्यावर पदर, पाठमोरी. गवरी शांतपणे रवंथ करत होती.

"अप्पा, जमलं की!"

मागं न बघता एक हात वर झाला — गप, असा. आई करते तसा.

तेवढ्यात फोन वाजला. अप्पा. "बस चुकली गं. आज हितंच राहतो."

"...आई?"

"माझ्या म्होरंच हाय. चहा प्यायली. कामून?"

फोन कानाला लावूनच मी गोठ्यात गेले. कुणी नव्हतं. हिरवी साडी दोरीवर वाळत होती. बादली फेसानं भरलेली, आणि कासेचा एक सड रेडकासाठी न पिळता राखलेला.

घाबरायला हवं होतं... पण मी म्हणाले, "आईला सांगा, गवरीनं मला दूध काढू दिलं."

पलीकडं आई रडायला लागली. मग ऑपरेशनला हो म्हणाली.

ऑपरेशनमुळं अप्पा तिकडंच राहिले. पुढचे नऊ दिवस मी दोन्ही वेळा बादली धुऊन गोठ्यात ठेवायचे आणि दार ओढून घ्यायचे. डोकावले नाही. बादली भरायची.

आई घरी आली ती थेट गोठ्यात. गवरीनं मान वळवून बघितलं आणि परत कडब्याला तोंड लावलं.

"बघ की," आई हिरमुसली, "इतक्या दिवसांनी आले, तर हंबरली बी न्हाई. जशी मी सकाळीच येऊन गेले."

ते कोण होतं, मला आजही माहीत नाही. गवरीला बहुतेक माहीत आहे.