रंजिताची गुपचूप गिऱ्हाइकी

खोटं कशाला बोलू, रंजिता माझ्या डोळ्यांत खुपायची. माझी धाकटी जाऊ ती, चुलत दिराची, जितेशची बायको. कापडे गावची पोर, बारावी शिकलेली. लग्न होऊन आली नि महाडात आमच्या शेजारच्याच खोलीत राहायला लागली. जितेश ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आणि ही बया आठवड्यातून एकदा पावडर लावून, पर्स अडकवून निघायची. कधी पोलादपूर, कधी माणगाव, कधी खेड. परत यायची ती काहीतरी नवीन घेऊन. एकदा छत्री, एकदा कुकर. वर मला सांगायची, "हायवेच्या हॉटेलात मिसळ खाल्ली वैनी, तर्री म्हणजे नुसतं पाणी!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. आमच्याकडे कुकरची शिटी दोन वर्षं दोऱ्याने बांधलेली.

शेवटी एकदा विचारलंच. "पैसे येतात कुठून गो?"

तिने दार लोटलं नि सांगितलं. मुंबईची एक कंपनी होती. मोठ्या दुकानांचे, हॉटेलांचे मालक तिला म्हणायचे, आमच्याकडे गुपचूप एखादं गिऱ्हाईक पाठवा, आमचे नोकर कसे वागतात ते बघू दे. रंजिता ते गिऱ्हाईक. जायचं, खायचं, वस्तू घ्यायची, घरी येऊन चार पानांचा कागद भरायचा नि पोस्टाने धाडायचा. नोकर हसून बोलला का, टेबल पुसलं का, बिल दिलं का. खर्च कंपनीचा, वस्तू हिची, वर मेहनताना वेगळा. आम्ही पदरचे पैसे देऊन खायचं नि हिला खाण्याचे पैसे!

"आपण कोण ते कळलं की काम गेलं," ती म्हणाली. "तुम्हाला सोडून कोणाला सांगितलेलं नाय."

"मग मलापण लाव की."

ती हसली. "नाय जमायचं वैनी. तुमच्या पोटातलं सगळं तोंडावर दिसतं."

हसली, ते लागलं मला. सातवी शिकलेय, काय अडाणी हाय मी?

दोन हजार तीन साल ते. आमचे हे, विनोद, हायवेवरच्या चपलांच्या शोरूममध्ये पाच वर्षं टेंपररी. दिवाळीला दोघांतला एक कायम होणार होता, हे नायतर जानू. गुपचूप गिऱ्हाइकाचा कागद ज्याच्याबद्दल चांगला, तो कायम. मी गणपतीला नारळ बोलले होते. कायम झाले असते तर पगार वाढला असता, पोरीला इंग्रजी शाळेत घातलं असतं. आणि रंजिताच्या नाकावर टिच्चून मीपण एक कुकर आणला असता, पाच लिटरचा.

नवरात्रात एका सकाळी रंजिताने सहज विचारलं, "आज भावजी दुकानात हायत ना?"

मी काय ते ओळखलं. म्हणजे माझ्या नवऱ्याला गुण आता ही देणार? हिने मुद्दाम कापले तर? तिचा तो चपलांच्या दुकानाचा कागद मी तिच्या खोलीत वाचला होता. त्यात एक प्रश्न होता: नोकराने समोर बसून स्वतः गिऱ्हाइकाच्या पायात चप्पल घातली का? यात सगळीकडेच गुण जायचे. महाडात बायांच्या पायाला कोण हात लावतो? डबा पुढे सरकवायचा, 'घालून बघा' म्हणायचं, झालं.

ह्यांना दारातच अडवलं नि सगळं सांगून टाकलं. "कागदात हाय तस्संच करा. पाय धरायला लागला तरी धरा."

"अगो, भावजय हाय ती माझी!"

"मग राहा टेंपररी!"

राहवलं नाय म्हणून मी समोरच्या वडेवाल्याकडे जाऊन उभी राहिले. काचेतून सगळं दिसत होतं. रंजिता बाकावर बसली. हे खाली स्टुलावर बसले, तिचा पाय उचलून मांडीवर घेतला, चप्पल चढवली, पट्टा लावला. ती पाय ओढायला बघत होती, लाजेने लाल झालेली. ह्यांनी सोडला नाय. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. माझ्या टाचेत काटा मोडला होता तेव्हा हे लांबूनच म्हणाले होते, "सुई घे." कढईतल्या तेलासारखी उकळत होते मी तिथे.

पण बघणारी मी एकटी नव्हते. म्यानेजर इथलाच, जितेशच्या लग्नात जेवून गेलेला. त्याला नातं ठाऊक. थोरला दीर भावजयीचा पाय मांडीवर घेतो? काहीतरी पाणी मुरतंय, हे त्याने तिथंच ताडलं. ह्यांना मागच्या खोलीत घेतलं. ह्यांना कुठं खोटं बोलता येतंय! संध्याकाळी मुंबईला फोन गेला. कागद रद्द. रंजिताचं काम बंद. जानू कायम.

दोन दिवसांनी रंजिता दारात आली. हातात तोच चपलांचा डबा. मी शिव्या खायच्या तयारीत होते, चार परत द्यायच्याही.

"नात्यातल्या दुकानात जायचं नाय असा नियम होता," ती म्हणाली. "तरी हे काम मी मागून घेतलं. भावजींना पुरे गुण द्यायला. पाय धरला नसता तरी दिले असते."



"मी दुसऱ्या कोणाला सांगितलंच नव्हतं, वैनी." एवढं बोलून तिने डबा उंबऱ्यावर ठेवला. "सहा नंबर हाय. मला पाच लागतो. दिवाळीला तुम्हाला म्हणून घेतल्या होत्या. आता कंपनी पैसे देणार नाय, पण घेतल्या त्या घेतल्या."

ती गेल्यावर किती वेळ डब्याला हात लावला नाय. मग घातल्या. बरोब्बर बसल्या. अगदी मापात. रांडेला माझ्या पायाचं मापसुद्धा ठाऊक होतं, नि मला तिच्याबद्दल एक कुकर सोडून काही म्हणता काही ठाऊक नव्हतं.