डबल बेल

पार्किन्सन हा पूर्ण बरा होणारा आजार नाही. त्यामुळे माझ्या धाराशिवच्या दवाखान्यात हे पेशंट वर्षानुवर्षं येत राहतात. फाइल जाड होत जाते आणि तिच्यात किस्सेही साचत जातात!

*

बेंबळीचे शेषेरावकाका एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. पहिल्याच दिवशी मी त्यांना चार ओळी लिहायला सांगितल्या. या आजारात अक्षर बारीक होत जातं. पहिली ओळ ठीक होती, चौथ्या ओळीत नुसत्या मुंग्या! काकांनी कागद लांब धरून पाहिला.

"साहेब, फुल तिकिटाचं हाफ झालं की हो!"

सोबत आलेला मुलगा म्हणाला, "वय झालंय, आता घरी बसा." या 'वय झालंय'चा मला भयंकर राग येतो. पण माझ्याआधी काकाच तडकले.

"बसायला न्हाय आलो इथं! दिवाळीनंतर भाचीचं लगीन हाय. मामा म्हणून तिला मांडवात म्या आणणार. चालत. कुणी धरायचं न्हाय!"

फाइलवर औषधांच्याही वर मी लिहिलं : भाचीचं लग्न, चालत.

*

गोळीचा असर असतो तोवर पेशंट चालतो, उतरला की अडकतो. आम्ही डॉक्टर त्याला ऑन-ऑफ म्हणतो. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या गयाबाईंना ते समजावताना माझा घसा कोरडा पडला. शेवटी त्याच म्हणाल्या,

"म्हंजी गोळी घेतली की अर्ध्या तासानं थ्री फेज येते, अन् चौथ्या तासाला लाईट जाते. असं सरळ सांगा की!"

तेव्हापासून मी सगळ्यांना एवढंच विचारतो, "लाईट किती वाजता जाते?" शेतकरी माणूस ही वेळ कधी चुकत नाही. काकांच्या गोळ्याही मी तशाच बसवल्या.

*

काकांचा आवाज बसत चालला होता. रोज सकाळी अंगणात उभं राहून गावांची नावं ओरडायची, असा व्यायाम दिला. आठवड्यानं काकू तक्रार घेऊन हजर.

"ह्यांनी 'चला उमरगा, उमरगा' केलं, अन् शेजारची म्हातारी पिशवी घेऊन दारात की हो!"

आवाज मला वेगळा तपासावा लागला नाही.

*

लग्नाला महिना राहिला आणि नवीनच अडचण आली. दार दिसलं की काकांचे पाय जमिनीला चिकटायचे. एकदा ते माझ्याच केबिनच्या दारात खिळले. ताल मिळाला की पाय सुटतात, म्हणून मी "एक-दोन, एक-दोन" म्हटलं, टाळ्या वाजवल्या. काही नाही! काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही फार वाईट वाटलं.

काकूंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि लोखंडी चौकटीवर दोनदा आपटला. टण टण!

काका निघाले!

"तीस वर्षं डबल बेलवर गाडी सोडली ह्यांनी. तुमच्या एक-दोनवर कशी सुटंल?"

पण सुटलेली गाडी थांबेना. पावलं भरभर पडू लागली, काका टेबलावर आदळणार, तेवढ्यात काकूंनी एकदाच वाजवलं. टण! काका जागच्या जागी उभे. एक बेल म्हणजे थांबा!

पुढचा महिना हीच प्रॅक्टिस चालली. भाचीही येऊन शिकून गेली.

*

लग्नाला मी गेलो. भटजी मुहूर्त सांभाळत होते, मी काकांची गोळी. माइकवरून पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

काका भाचीला घेऊन मांडवाच्या दारापर्यंत आले आणि अडकले. सगळा मांडव बघतोय. काकांचा मुलगा धरायला धावला, मी त्याचा हात घट्ट पकडला.

भाचीची मान खालीच होती. तिनं शेल्याखालून काकूंच्या किल्ल्या काढल्या आणि दारातल्या लोखंडी खांबावर आपटल्या. टण टण!

काका निघाले. कुणीही धरलेलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. बोहल्यापाशी भाचीनं स्टेजच्या पाइपावर एकदाच वाजवलं. टण! काका थांबले.

नवरदेव अंतरपाटावरून डोकावून हे सगळं पाहत होता. काका त्याला खणखणीत आवाजात म्हणाले,

"जावईबापू, बेल हिच्या हातात हाय. ध्यान ठेवा!"