शिवराम रोकडेची बंदूक आणि घरचं खोबरेल

बदलापुरात, बेलवलीच्या एका बैठ्या चाळीत राहणारा शिवराम रोकडे दिसायला असा होता की समोरून येणाऱ्याने रस्ता बदलावा. उंचापुरा, मिशा वर वळवलेल्या, खांद्यावर दुनळी बाराबोर बंदूक. पण त्याला ओळखणारा माणूस रस्ता बदलायचा नाही. तो हातातली भाजीची पिशवी शिवरामकडे द्यायचा, "जरा धरा हो, आलोच," म्हणायचा आणि तासाभराने उगवायचा. तोवर शिवराम पिशवी धरून उभा. "नाही" हा शब्द त्याला येत नव्हता असं नाही, पण तो घशापर्यंत यायचा आणि तिथूनच लाजून परत जायचा.

पलटणीत असताना हे खपून गेलं. तिथे नाही म्हणायची सोयच नसते. निवृत्त झाल्यावर मात्र पंचाईत झाली, कारण बाहेरच्या जगात माणसाला सारखं काहीतरी नाकारावं लागतं. त्यात त्याने नोकरी धरली ती बँकेच्या दारावरच्या गार्डची, म्हणजे दिवसभर लोकांना अडवण्याची.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात ही छोटीशी सहकारी बँक होती. स्वतःची परवान्याची बंदूक असेल तर नोकरी लवकर मिळते, म्हणून शिवरामने निवृत्तीच्या पैशातून ती बाराबोर घेतली होती. त्याच्या सासूबाई, भिमाबाई, तिला "माझ्या लेकीची सवत" म्हणायच्या. दारावर उभ्या शिवरामच्या एका हाताला कुणाची छत्री, दुसऱ्या हाताला कुणाचं तरी रडकं पोर. मॅनेजर साहेबांच्या भाच्याने तर "अंकल, एक फोटो" म्हणत बंदूक मागितली, ती शिवरामने दिली आणि वर मिशीला पीळ कसा द्यायचा तेही दाखवलं. मॅनेजरने कपाळाला हात लावला होता.

"रोकडे, तुम्ही गार्ड आहात की खुंटी?"

"गार्ड, साहेब," शिवरामने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत मॅनेजरने त्याला आत बोलावलं. "हेड ऑफिसातून कॅप्टन साहेब तपासणीला यायचेत. नवीन आलेत, कडक आहेत म्हणे. मागच्या वर्षी पावसाळ्यात तुमच्या नळीत गंज निघाला होता. या खेपेला शेरा वाईट आला तर तुमच्या जागी एजन्सीचा माणूस. माझ्या हातात काही नाही हो."

"कधी येणार, साहेब?"

"सांगून आले तर तपासणी कसली?"

शिवरामने घरी येऊन बायकोला, वेणूला, हे हळू आवाजात सांगितलं. पन्नाशीच्या माणसाला नवी नोकरी कोण देणार, ही एक काळजी. दुसरी त्याने सांगितली नाही, पण वेणूला ती कळत होती. गणवेश उतरला की आपण नुसते मिशांचे मालक उरू, असं त्याला वाटायचं.

आता बंदूक साफ करणं शिवरामला नवीन नव्हतं. दर रविवारी तो खोलीत वर्तमानपत्र अंथरायचा. काडतुसं आधीच पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद. मग बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, आणि वर वेणूलाही बघायला लावायचा. मग लाकडी गज, पुढे पितळी ब्रश, मागून फ्लॅनेलची चिंदी, आणि शेवटी तेलाचं बोट. हे तेल पलटणीच्या स्टोअरच्या हवालदाराने निरोपाच्या दिवशी डबा भरून दिलं होतं. शिवराम ते डोळ्यांत औषध घालावं तसं वापरायचा. नेमका तपासणीचं कळल्यानंतरच्या रविवारी डबा ठणठणीत रिकामा निघाला आणि पितळी ब्रशचे उरलेसुरले केसही गळून पडले.

लष्करात सामान मिळतं, ते निवडावं लागत नाही. तेव्हा शिवरामने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी निवडायला घेतलं.

तो बँकेसमोरच्या टेकचंद शेठच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला.

"बंदूक के लिए?" टेकचंद खूश झाला. "अरे साईं, अपने पास सब है!" त्याने लोखंडी तारेचा ब्रश काढून गल्ल्यावर आपटला. "ये देखो. जंग तो क्या, लोहा भी छील देगा."

"पर शेठ, लोहा नहीं छीलने का है. नळी खराब होएंगी. पितळेचा पायजे, नरम."

"अरे नरम से क्या होता है? तुम आदमी नरम, ब्रश तो कडक रखो!"

शिवरामने लोखंडी ब्रश घेतला. त्याच्यावर टेकचंदने एक बाटली ठेवली. बाटलीवर मोटारीचं चित्र होतं आणि मोटारीत एक गोरी बाई.

"गन ऑइल. इम्पोर्टेड."

"कुठून आलंय?"

"बाहर से."

"बाहेर म्हणजे कुठे?"

टेकचंदने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "कॅम्प पाँच."

शिवरामने तीही घेतली.

दुपारपर्यंत बातमी चाळभर झाली. शेजारचा जयदेव अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर होता. तो डबीभर काळं ग्रीस आणि स्वतः बनवलेला पितळी ब्रश घेऊन हजर झाला. ब्रश फक्कड होता. ग्रीसची मात्र शिवरामला भीती वाटली.

"भाऊ, ग्रीस ते ग्रीस. आमची मशिनं याच्यावर चालतात."

"पण जयदेव, याला धूळ धरते. बंदुकीला पातळ तेल लागतं, तेही थेंबभर. डोळ्याला दिसलं तर जास्त झालं."

"म्हणजे माझं नको?" जयदेवचं तोंड उतरलं. ते बघून शिवरामने डबी ठेवून घेतली.

वेणू चाळीतल्या बायांचे ब्लाउज शिवायची. तिने शिलाई मशीनच्या तेलाची नळकांडी पुढे केली. "हे घाला. पातळ हाय, वास नाय, चिकटत नाय. माझी मशीन बघा कशी पळती." तिचं बरोबर होतं, आणि शिवरामला तेच हवं होतं. गोष्ट इथेच संपायची, पण कोपऱ्यातून भिमाबाई उठल्या.

भिमाबाईंकडे स्वतः काढलेलं खोबरेल होतं. नारळ खवून, दूध पिळून, मंद आचेवर आटवून काढलेलं. या तेलावर त्यांनी आठ पोरं वाढवली होती, आणि त्याविरुद्ध एक शब्द ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

"जावयबापू, माझ्या एका तरी पोराच्या डोक्याला गंज चढला का?"

"नाही, मामी."

"मग?"

टेकचंदला नाही म्हणता आलं नाही, जयदेवला नाही. आणि बायकोच्या आईला नाही म्हणणं तर फारच लांबची गोष्ट. म्हणून शिवरामने जो तोडगा काढला, तो फक्त त्यालाच सुचू शकतो. त्याने मंत्रिमंडळाचं करतात तसं बंदुकीचं खातेवाटप केलं. उजवी नळी वेणूच्या तेलाला. डावी नळी टेकचंदच्या गोऱ्या बाईला. खांद्याच्या पट्ट्याच्या कड्यांना जयदेवचं ग्रीस. आणि उघडायची कळ, तिच्या आतलं यंत्र आणि बिजागरी हे महत्त्वाचं खातं भिमाबाईंकडे. लोखंडी ब्रश वेणूने तवा घासायला घेतला.

जयदेवच्या ब्रशने नळ्या लखलखीत झाल्या. बिजागरीशी मात्र शिवराम "थेंबभर, मामी, थेंबभर," म्हणत राहिला आणि भिमाबाई बाळंतिणीला चोळावं तशा तेल जिरवत राहिल्या. तेल रात्रभर गोठून बसलं होतं म्हणून त्यांनी आधी बाटली उन्हात ठेवून ते पातळ करून घेतलं होतं. हे चौघांनी बघितलं, आणि पुढचा विचार चौघांपैकी एकानेही केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बदलापुरात अशी थंडी होती की चहा कपात ओतला की लगेच कोमट. शिवराम नेहमीप्रमाणे काडतुसं वेगळी आणि बंदूक वेगळी घेऊन आठाच्या सुमारास बँकेशी पोचला. दारावर उभं राहण्याआधी काडतुसं भरायची म्हणून त्याने कळ दाबली.

कळ हललीच नाही.

त्याने जोर लावला. मग फुंकर मारली. मग बिजागरीकडे नीट बघितलं, तर फटीत पांढरं काहीतरी, लोण्यासारखं. शिवरामला बाटली आठवली, ऊन आठवलं आणि घाम फुटला. बँकेची ती बाजू सावलीतली. ऊन फक्त पायरीच्या कडेला, तेही वीतभर आणि हळूहळू सरकत येणारं. त्याने बंदूक काखेत घट्ट धरली, तान्ह्या बाळाला धरतात तशी, आणि तो उन्हाची वाट बघू लागला.

"क्या हुआ साईं, बुखार है उसको?" समोरून टेकचंदने विचारलं.

तेवढ्यात सफारी सूट घातलेला, ताठ चालीचा एक माणूस पायरीपाशी येऊन उभा राहिला. त्याने सरळ हात पुढे केला.

"हेड ऑफिस. तपासणी आहे. द्या बंदूक इकडे."

शिवरामच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. हा माणूस कळ दाबणार, कळ हलणार नाही, नखाने खरवडणार, वास घेणार. मग शेरा. मग एजन्सीचा माणूस. आणि लाजेने, निव्वळ लाजेने, इतकी वर्षं घशातून परत जाणारा तो शब्द या वेळी बाहेर पडला.

"नाही."

दोघेही दचकले. शिवराम जरा जास्तच.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे..." आता माघार घेणंही त्याला जमत नव्हतं. "देणार नाही. आपण कोण?"

"सांगितलं ना, हेड ऑफिस!"

"तसं कुणीही म्हणेल. कार्ड दाखवा."

"गाडीत राहिलंय."

"मग गाडीतून आणा." शिवरामने ऊन बघितलं. अजून हातभर लांब होतं. "सावकाश आणा. घाई नाही."

माणूस लालबुंद होऊन गेला. शिवराम सरकत सरकत पायरीच्या कडेला आला आणि बिजागरी उन्हात धरली. माणूस कार्ड घेऊन परतला. शिवरामने कार्ड वाचलं, उलटं करून कोरी बाजूही वाचली, आणि फोटो समोरच्या तोंडाशी ताडून बघितला.

"फोटोत मिशी आहे."

"काढली!"

"का?"

"तो माझा प्रश्न आहे!"

"मॅनेजर साहेब येऊन ओळख पटवतील. तोवर आपण पायरीच्या खाली उभे रहा. आणि उन्हात नको, तिथे मी आहे."

मॅनेजर रिक्षातून उतरले तेव्हा त्यांचा कर्दनकाळ, हेड ऑफिसचा कॅप्टन, सावलीत कुडकुडत उभा होता आणि त्यांची खुंटी त्याच्यावर नजर रोखून उन्हात उभी होती. मॅनेजरच्या हातून जेवणाचा डबा पडला. "रोकडे! अहो, हेच ते! कॅप्टन साहेब!"

"ओळख पटली?" शिवरामने विचारलं.

"पटली, पटली!"

आता काही उपाय नव्हता. शिवरामने डोळे मिटले आणि कळ दाबली. कळ लोण्यातून फिरावी तशी फिरली, बंदूक उघडली आणि बिजागरीतून कोमट, सुगंधी तेलाची एक धार कॅप्टन साहेबांच्या बुटावर पडली.

कॅप्टनने आधी बुटाकडे बघितलं. मग नळ्या उजेडाकडे धरून आत बघितलं, बराच वेळ. मग बिजागरीला बोट लावून वास घेतला.

"खोबरेल?"

"सासूबाईंचं आहे, साहेब. घरी काढलेलं."

मॅनेजरने भिंतीचा आधार घेतला. कॅप्टन मात्र हसायला लागला, आणि हसता हसता पायरीवरच बसला. "अहो मॅनेजर, नळीतला गंज कुणीही काढेल. मी नवीन आलोय, मला कुणी ओळखत नाही, म्हणून प्रत्येक शाखेत हेच करतोय. जायचं आणि बंदूक मागायची. सगळ्यांनी दिली. एकाने तर वर चहा पाजला. अनोळखी माणसाला नाही म्हणणारा तुमचा हा एकच गार्ड निघाला." आणि त्याने वहीत शेरा लिहिला: "गार्ड उत्तम. तेल बदलावे."

खरी गोष्ट सांगावी की काय, असं शिवरामला वाटून गेलं. पण त्या दिवशी त्याने एवढं बोलून घेतलं होतं की पुढे काही सुचेना. टेकचंद दुकानातून ओरडला, "साईं, मेरे तेल का कमाल है!" दिवसभरात कुणीतरी पिशवी पुढे केली. शिवरामने तिच्याकडे नुसतं बघितलं आणि माणसाने ती स्वतःच्या काखेत मारली.

संध्याकाळी घरी शेरा सांगितल्यावर वेणूने डोळे पुसले. भिमाबाईंनी शेऱ्याचा पहिलाच भाग ऐकला आणि बाटली घेऊन आल्या. "बघा! म्हणलं नव्हतं? आना तिला, अजून एक हात मारते."

"नाही, मामी."

वेणूच्या मशीनचं चाक थांबलं. या घरात नकार म्हणून हा शब्द शिवरामच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. त्यालाही तो ऐकवला नाही.

"बंदुकीला आता वेणूचंच तेल," तो हळू आवाजात म्हणाला. "थेंबभर."

भिमाबाई बाटली हातात धरून उभ्या राहिल्या. एकदम म्हाताऱ्या दिसल्या. मग त्यांनी पाट सरकवला.

"मग तुमी बसा हितं. उभं राहून राहून डोकं तापलं असंल. तुमाला तरी लावू द्या."

शिवरामने बंदूक पेटीत ठेवली, कुलूप लावलं, टोपी काढली आणि मुकाट्याने पाटावर येऊन बसला. तेल चांगलं वाटीभर होतं. मिशीपर्यंत ओघळ आले, तरी तो "थेंबभर" म्हणाला नाही.