तळपायांनी ऐकणारे सुखदेवभाऊ

सुखदेवभाऊ कोणत्याही गाडीत चपला बाहेर काढूनच बसत. मालकाला वाटे, केवढा हा मान! मान वगैरे काही नव्हता. मागच्या सीटवर बसून ते अनवाणी पाय पत्र्यावर टेकत, डोळे मिटत आणि मालकालाच गाडी चालवायला लावत. "पाना मंग घेईन हातात. पयले मले आयकू दे," म्हणत. मध्ये कुणी बोललं की अंगावर खेकसत.

लष्कराच्या वर्कशॉपमधली नोकरी संपवून त्यांनी अनसिंगला टिनाच्या छपराखाली गॅरेज टाकलं होतं. आलेल्याला "जयभीम" म्हणून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कोनं बिघडवली?" गाडी आपणहून बिघडते यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

मी त्यांच्याकडे गेलो तो रडकुंडीला येऊनच. ट्रकच्या अपघातात माझा डावा पाय निकामी झाला. क्लच दाबता येईना, म्हणजे ड्रायव्हरकी संपली. तशात वाशिमच्या एका व्यापाऱ्याची जुनी विलायती मोटार विकायला निघाली. तिला क्लचच नव्हता, गिअर आपोआप बदलत. घरच्यांचं न ऐकता ती घेतली आणि टॅक्सी सुरू केली. पुढं पेट्रोल महागलं, तेव्हा इतरांचं पाहून मी तिला डिझेल इंजिन बसवून घेतलं आणि तिथंच माशी शिंकली. सवाऱ्या भरून रिठदला निघालो की इंजिन नुसतं बोंबले, गाडी मात्र रेंगाळे. क्लचच्या जागी तेलानं भरलेला एक डबा असतो, टॉर्क कन्व्हर्टर. तोच गेला, असं दोन मिस्त्रींनी सांगितलं. "हातानं टाकायचा गिअरबॉक्स बसवा," म्हणाले. त्यांना ते सोपं होतं. मला पुन्हा क्लच, म्हणजे पुन्हा घरी बसणं.

भाऊ माझ्या गाडीत बसले, परतल्यावर गिअरचं तेल बोटावर घेऊन हुंगलं. मग ब्रेक गच्च दाबून क्षणभर ॲक्सिलरेटर द्यायला सांगितला.

"डबा जिता हाय," ते म्हणाले आणि गाडीखाली शिरले. तिथूनच ओरडले, "ही सळई काहून बांधली बे तारेनं?"

"डिझेलच्या पंपाला ती लागत नाही म्हणाला मिस्त्री. लोंबत होती, म्हणून बांधली."

"अबे, तू पाय किती दाबून राह्यला, ते ह्या सळईनंच गिअरले कळते! आता त्याले काईच खबर नाई. त्याले वाटते, तू रिकामी गाडी घेऊन मजेत चालला. मंग तो कायले जोर लावते? आतल्या प्लेटा घसरतेत, तेल जळते."

"ही तर पंपापर्यंत पुरत नाही. नवीन सळई कुठं मिळेल, भाऊ?"

"तुह्या विलायतेत!" म्हणून हसले, आणि जुन्या सायकलच्या ब्रेकची सळई काढून कानशीनं घासायला बसले. पंपाच्या दांडीशी ती जोडली, जळकं तेल बदललं. मग माझी रोजची फेरी सुरू झाली: मी चालवायचं, त्यांनी मागं अनवाणी बसायचं, उतरून सळईचा नट जरासा फिरवायचा, पुन्हा बसायचं. एकदा रिठदहून परतताना मागून घोरणं ऐकू आलं. गॅरेजपाशी जागे झाले आणि म्हणाले, "झाली. आता कोनाले हात लावू देऊ नको."

त्या गाडीनं माझं घर चालवलं. मुलींचं शिक्षण, म्हातारीचं औषधपाणी, सगळं तिच्यावर झालं. भाऊंचे उपकार फिटण्यातले नव्हतेच. फेडायचं म्हटलं तर ते शिव्या देत.

काही वर्षांनी ते आजारी पडले. अकोल्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा न्यायला मीच गेलो. उभं राहवत नव्हतं, तरी दारापाशी वहिनींना म्हणाले, "चपला काढ माह्या." वहिनींनी काढल्या, पदरात धरून त्यांच्या उशाशी बसल्या. मागं आडवे झालेल्या भाऊंनी तळपाय दाराच्या पत्र्याला लावले.

गाव जवळ आलं तरी मागून हूं की चूं नाही. मला धास्ती वाटली.

"भाऊ, काय ऐकू येतं?"

"काईच नाई," ते समाधानानं म्हणाले. "म्हनून तं झोपून राह्यलो."

वहिनी पदर तोंडाला लावून रडत होत्या. भाऊंना धक्का बसू नये म्हणून मी गाडी अगदी हळू घेतली. उजव्या पायाखाली त्यांची ती सायकलची सळई शहाण्यासारखी काम करत होती.