काकांच्या नावावरची चूक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. एका माणसाच्या प्रोग्रॅममधल्या वीस ओळी मी त्यांच्याच खुर्चीत बसून काढल्या, आणि त्या आपल्याच हातून गेल्या असं त्यांना शेवटपर्यंत वाटू दिलं.

माणूस कुंडलचा. सैन्यात सिग्नलमध्ये हवालदार होते, निवृत्त होऊन ऊस बघत होते. मी त्यांना काका म्हणायचो. पहिली भेट सांगलीतली. तिथल्या एका कॉलेजात मी संगणक प्रयोगशाळेचा सहायक आहे. काका पुतणीचा प्रवेशअर्ज भरायला आले होते. खुर्चीत बसले, माऊस उचलला आणि उताणा करून बाजूला ठेवला.

"काका, तो लागतो," मी म्हणालो.

"कशापायी?" म्हणाले, आणि नुसत्या कळा दाबत अर्ज भरून मोकळे झाले.

उठताना त्यांची नजर माझ्या टेबलावरच्या संगणकात चाललेल्या प्रोग्रॅमकडे गेली. "ह्ये तुमी वापरताय व्हय?"

"हो. फार सुरेख आहे. बाहेरच्या देशातल्या कुणीतरी केलंय."

"बाहेरच्या न्हाई," काका अर्ज घडी करत म्हणाले. "कुंडलचं हाय."

मी उभाच राहिलो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. संगणकावर आपण चार कामं उघडतो, तेव्हा त्यांच्या खिडक्या एकमेकींवर पडतात आणि खालची शोधत बसावं लागतं. काकांचा प्रोग्रॅम खिडक्यांना एकमेकींवर पडूच देत नाही. नवी उघडली की बाकीच्या सरकून जागा देतात, एक मिटली की शेजारच्या पसरतात. सगळं कळांवर चालतं. "रानात वाफा वाफ्यावर चढतोय का?" काका विचारायचे. "मग खिडकीनं का चढावं?"

त्यानंतर बहुतेक रविवारी मी पलूसवरून कुंडलला जाऊ लागलो. सोप्यात एक टेबल, त्यावर जुना संगणक, शेजारी खताच्या पोत्यांची थप्पी. सकाळी धार काढून झाली की काका हात धुऊन टेबलाशी बसत आणि जगभरातून आलेली पत्रं वाचत. कुणाचा दुसरा पडदा काळा राहतोय, कुणाची खिडकी अर्धीच दिसतेय. जे यंत्र काकांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं, त्याची तक्रार ते डोळे मिटून ऐकावी तशी वाचत आणि म्हणत, "हां, आलं ध्यानात." बरोबर तिथंच दोष सापडे. अठरा वर्षं हे चाललेलं होतं. तुम्हीही कामात बुडालेली माणसं पाहिली असतील. पण पाहायला कुणी नसताना इतकं नेटकं काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मध्ये एकदा पडद्यावर चित्र आणणारी जुनी व्यवस्थाच मोडीत निघाली आणि नवी आली. काकांनी दोन वर्षं खपून प्रोग्रॅमचा सगळा पाया नव्यानं रचला आणि वरची एकही कळ बदलू दिली नाही. "सवय मोडायची न्हाई कुणाची" हे त्यांचं पालुपद. मी काही सुधारणा सुचवली की पहिलं उत्तर हेच. नवं काम लोकांच्या हाती गेलं त्या आठवड्यात मी विचारलं, "काय म्हणतायत लोक?"

काकांचा चेहरा उजळला. "कुणी कायबी म्हणलं न्हाई गड्या. कळलंच न्हाई कुणाला!"

काकू आतून ओरडल्या, "दोन वर्सं राबून कळलंबी न्हाई, आन् ह्यांना कोण आनंद!"

आता माझं सांगतो. एका रविवारी नवी आवृत्ती तयार होत होती. दुपारी मोटारीची लाईट आली आणि पाणी द्यायला काका रानात गेले. जाताना म्हणाले, "तवर तू नजर टाक जरा." मी त्यांच्या खुर्चीत बसलो. वाचता वाचता वीस ओळी लागल्या. दोन कळा एकदम दाबण्याऐवजी एकीमागून एक दाबल्या तरी चालाव्यात, अशी काहीतरी वाकडी सोय होती. वर काकांनी लिहिलं होतं, 'राहू दे'. कशासाठी, ते नव्हतं. मला ती अडगळ वाटली. खरं सांगायचं तर त्या देखण्या कामात माझाही हात लागावा असं वाटलं. मी त्या ओळी काढल्या. चाचण्या बिनचूक पार पडल्या.

काका आले, पायाचा चिखल धुतला. "बघितलंस सगळं?"

"सगळं नजरेखालून घातलंय काका."

त्यांनी आपले दोन-तीन बदल घातले आणि सगळं एकत्र, त्यांच्या नावानं पुढं गेलं.

पुढच्या की त्याच्या पुढच्या रविवारी गेलो, तर काका पत्र वाचत बसले होते. दूरच्या थंड देशातला एक भाषांतरकार. अपघातानंतर त्याच्या दोन्ही हातांत मिळून एकच बोट चालतं. बारा वर्षं त्या एका बोटावर तो पोट भरत होता. त्यानं लिहिलं होतं, नवी आवृत्ती घेतल्यापासून माझा संगणक मला ओळखत नाही.

ती सोय त्या एकट्यासाठी होती.

काकांनी बदलांची नोंद उघडली. समोर त्यांचंच नाव.

"ह्ये मी कवा काढलं रं?"

खरं बोलायला एक शब्द पुरला असता. माझ्या तोंडून निघालं ते असं: "आठवत नाही का, काका?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात संशय नव्हता, घाबरलेपण होतं. मग खुर्ची पुढं ओढून त्यांनी तासाभरात ओळी पुन्हा बसवल्या, त्या माणसासाठी वेगळी चाचणी लिहिली आणि सगळ्यांना जाणाऱ्या पत्रात लिहिलं, चूक माझी आहे, मला क्षमा करा. माझ्यादेखत लिहिलं. मी चहा पीत होतो.

त्यानंतर टेबलावर वही आली. केलेली प्रत्येक गोष्ट काका तिच्यात लिहीत, आणि लिहिलेलं पुन्हा वाचून पाहत. ज्या माणसाला सगळा प्रोग्रॅम तोंडपाठ होता, तो आता स्वतःचीच ओळ तीन तीनदा तपासायचा. पुढच्या दिवाळीत त्यांनी सगळं माझ्या हवाली केलं. "तू बघ आता. माजं डोकं ऱ्हायलं न्हाई. माज्या हातनं त्या बिचाऱ्याचं पुन्यांदा काय व्हायला नको." मी म्हणालो, "अहो काका, असं काही नाही." एवढंच म्हणालो.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं, गेले ते हृदयानं. प्रोग्रॅम मी सांभाळतो. रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी पत्रं वाचतो, आणि दर वेळी नवल वाटतं की हा माणूस अठरा वर्षं एकट्यानं कसा उभा राहिला. त्यांच्या जुन्या ओळी वाचताना कुठंही घाई दिसत नाही. जिथं मला कारण कळत नाही, तिथं आता मी हात लावत नाही. थंड देशातला तो माणूस अजून लिहितो. काकांची आठवण काढतो.

गेल्या महिन्यात कुंडलला गेलो होतो. काकू शेंगा निवडत होत्या. म्हणाल्या, "लय हुशार मानूस, पर शेवटी शेवटी इसरायला व्हायचं बगा. सोताच केलेलं ध्यानात न्हाई. तेचंच लय मनाला लावून घेतलं." मी समोर बसून शेंगा निवडू लागलो.

काका काहीही विसरले नव्हते, हे काकूंना सांगायचं आहे. त्या ओळी मी काढल्या होत्या, हे सगळ्यांना जाणाऱ्या पत्रात माझ्या नावानं लिहायचं आहे. दोन्ही अजून राहिलं आहे.