जिप्सीतली उंच सीट

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मीच पहिला. त्यामुळे मी असं काही लिहायला बसणं आगाऊपणाचं वाटलं, तर माफ करा.

आज सकाळी कॉलेजच्या आवारात मोहाची फुलं पडली होती आणि मुलं ती तुडवत वर्गाकडे चालली होती. चुकून तुडवलं काय नि मुद्दाम तुडवलं काय, वास तोच उठतो. मला मात्र त्या वासात एकच बूट दिसतो. गावाजवळच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर गार्डने मायची टोपली उलटी केली होती, फुलांवर पाय दिला होता आणि विचारलं होतं, "जंगल तुझ्या बापाचं आहे का?"

म्हणून सुट्टीतली सहल मी तिथेच ठरवली आहे. आम्ही पाच मित्र एसटीने जाऊ, आमच्याच ओसरीवर झोपू, मायच्या हातचं जेवू. खर्च काय तो सफारीच्या उघड्या जिप्सीचा, तोही वाटून. फक्त मागची उंच सीट मायची. त्या गार्डने तिच्यासाठी फाटक उघडावं आणि तिने त्याच्याकडे बघूही नये. एवढं झालं की वाघ नाही दिसला तरी चालेल.

आत्ताच बहिणीचा फोन आला. "दादा, माय येत नाही म्हणते. तो गार्ड रिटायर झाला. काल बायकोला घेऊन आपल्या बांधावर मोह वेचायला आला होता. माय त्याच्यादेखत तिला म्हणाली, 'हे झाड माझ्या पोरांच्या बापाचं आहे. तरी वेच बाई, टोपली भरून वेच.'"