चुन्याची निवळी आणि माझी सोयरीक

भावी सासऱ्यांच्या छातीत विषारी वायू आहे, असं मी त्यांना सोयरीक ठरायच्या आधीच सांगून टाकलं.

निजामाचं राज्य होतं. तेरच्या शाळेत मी नुकताच मास्तर झालो होतो. शास्त्र उर्दूतून शिकलेलो, त्यामुळं फुफ्फुसाला ‘फेफडा’ म्हणायचो आणि समोरच्याला कळलं नाही की स्वतःला विद्वान समजायचो. अशा तयारीनं मी दाजिबाकाकांबरोबर उमरग्याला मुलगी पाहायला गेलो. (काकांनी वाटेत बजावलं होतं, "तोंड बंद ठेव. दिसायला बरा हायेस.")

मुलीचे वडील मलप्पा धान्याचे आडते, भरल्या पोत्यासारखे भक्कम. पानाचं तबक पुढं सारत त्यांनी सहज विचारलं, "मास्तर, सध्या पोरान्ला काय शिकीवता?"

"श्वास!"

"ते शिकवावं लागतं व्हय?"

झालं! काकांचा चिमटा सोसून मी तबकातला चुना पाण्यात कालवला, खाली बसू दिला आणि वरची नितळ निवळी काचेच्या पेल्यात ओतली. (त्यातच अर्धा तास गेला.) परसातल्या पपईचा पोकळ देठ मलप्पांच्या हातात दिला. "हं, फुंका!"

बुडबुडे आले आणि बघता बघता निवळी ताकासारखी पांढरी झाली.

"आत घेतलेल्या हवेतला प्राणवायू फेफड्यात रक्ताला मिळतो," मी खुलून सांगितलं, "आणि रक्तातला विषारी कर्बवायू बाहेर पडतो. तोच हा! तुमच्या छातीतला!"

मलप्पा निवळीपेक्षा पांढरे पडले. "माज्या छातीत? इख?"

आतून त्यांच्या बायकोनं कानडीत विचारलं, "एनाय्तु?" आणि काय झालं ते कळल्यावर रडायलाच लागली. बघायला जमलेला एक शेजारी म्हणाला, "गेल्या सालापासून खोकतायच की!"

काका जोडे शोधू लागले.

"अहो, सगळ्यांच्याच छातीत असतो! हे बघा!" मी दुसरा पेला घेऊन फुंकत सुटलो. निवळी पांढरी झाली. तिथंच थांबायचं की नाही? पण मलप्पांना पटेना, म्हणून मी जोरजोरात फुंकतच राहिलो. आणि निवळी पुन्हा नितळ झाली!

"ह्येचं इख संपलं, माजं ऱ्हायलं!" मलप्पांनी हंबरडा फोडला.

(फार फुंकलं की तो पांढरेपणा विरघळतो, आणि अंगातला कर्बवायू फार उडाला की मेंदूकडं जाणारं रक्त कमी होतं, हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं. मी तिथवर पोचलो नव्हतो.) बोटांना मुंग्या आल्या, एकाचे दोन मलप्पा दिसले आणि मी तबकावर आडवा झालो.

डोळे उघडले तेव्हा मुलगी, नीलव्वा, पदर खोचून बैठकीच्या मधोमध उभी होती. तिनं स्वतः निवळीत फुंकलं, आईला फुंकायला लावलं, त्या शेजाऱ्यालाही सोडलं नाही. सगळे पेले पांढरे!

"आप्पा, समद्यांचं सारकंच हाय," ती म्हणाली. "मास्तर खरं बोलत व्हते. फकस्त लई बोलत व्हते."

मलप्पांनी छातीवरून हात फिरवला आणि हसू लागले. त्याच संध्याकाळी सुपारी फुटली.

आता मलप्पा नाहीत, काका नाहीत, उमरग्याची ती बैठकही नाही. म्हातारपणी एकदा मी नीलव्वाला विचारलं, "असल्या येड्याला तू नको कशी म्हणाली नाहीस गं?"

"म्हणाले की! दोनदा म्हणाले," ती शांतपणे म्हणाली. "पर ऐकायला तुमी शुद्धीवर कुठं व्हता?"